शेजारच्या सीटचं काम

दोन वर्षांपूर्वी आम्ही नागपूरला मामेबहिणीच्या लग्नाला गेलो होतो. परतताना गाडी मावसभावाची, चालवणाराही तोच. पुढे मी, मागे मावशी आणि माझी मुलगी, आणि जागा मिळेल तिथे आहेराच्या पिशव्या. समृद्धी महामार्गाला लागलो, वाटेत एका पंपाशी थांबून पुरी-भाजी आणि दहीभात खाल्ला, पुन्हा निघालो. मेहकर मागे पडलं तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. रस्ता सरळ, दोन्हीकडे उन्हाने पांढरं पडलेलं रान, लांबवर एखादा ट्रक. गाडीत कुणी बोलत नव्हतं. भावाने एकदा मान चोळली. मग काच दोन बोटं खाली केली. थोड्या वेळाने ती वर करून एसी वाढवला. मग गाडी हळूच डावीकडे सरकली, कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चाकं गेल्याचा घर्र आवाज आला आणि त्याने ती झटक्यात परत लेनमध्ये घेतली.

मी हे सगळं शेजारी बसून पाहत होते आणि गप्प होते. चार दिवस लग्नघरात राबलेला माणूस आपल्याला घरापर्यंत सोडायला निघाला आहे, त्याला ‘तुला झोप येतेय’ असं तोंडावर कसं म्हणायचं, एवढ्या भिडेपोटी गप्प होते.

मागून मावशीचा आवाज आला. “अरे, पुढचा पंप किती लांब आहे? माझे पाय अगदी आखडलेत.”

“आई, आत्ता तर थांबलो होतो.”

“हो रे, पण गुडघे ऐकत नाहीत. चहापण घेऊ.”

मी मोबाइलवर बघितलं, पंप तेवीस किलोमीटरवर होता. ते सगळं अंतर मावशी त्याला प्रश्न विचारत राहिली. नुसतं ‘हं’ म्हणून सुटता येणार नाही असे प्रश्न. अक्षतांच्या वेळी माइक कुणी बंद केला, नवऱ्या मुलाचे काका नेमकं कुठल्या गावचे, केटररला शेवटी किती पैसे दिले. पंपावर गाडी थांबली तशी ती चटकन उतरली आणि ताठ चालत चहाच्या टपरीकडे गेली. तिचे गुडघे ठणठणीत होते. भाऊ सीट मागे टाकून पंचवीस मिनिटं झोपला. तिथून संभाजीनगरपर्यंत गाडी मी चालवली.

मावशीने आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. माझ्याकडे बारा वर्षांपासून लायसन्स आहे. तरी त्या दुपारी प्रवासी म्हणून जे करायला हवं होतं ते तिने केलं आणि मी केलं नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. दुसऱ्याच्या गाडीत बसणाऱ्यालाही काम असतं आणि आपण मराठी माणसं ते फार वाईट करतो, असं माझं ठाम मत झालं आहे. बोलू नये तिथे आपण बोलत सुटतो आणि बोलायलाच हवं तिथे भीड आडवी येते. भीड भिकेची बहीण म्हणतात. रस्त्यावर ती त्याहून वाईट गोष्टींची बहीण आहे.

हे आत्ताच इतकं महत्त्वाचं का झालं, याचं एक कारण रस्त्यांत आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लांबचा प्रवास म्हणजे घाट, खड्डे, मध्येच आठवडी बाजार, रस्त्यावर आलेल्या म्हशी, एसटी स्टँडपाशी तुंबलेली वाहतूक. त्रास होता, पण तोच त्रास चालवणाऱ्याला जागं ठेवायचा. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पाही खुला झाला. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर, ना सिग्नल ना चौक. कारला सपाट भागात ताशी १२० ची मर्यादा. त्या वेगात गाडी एका सेकंदाला तेहतीस मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. आणि अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू पेंगतो, हे लांब पल्ल्याला गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. रस्त्याने चालवणाऱ्याला जागं ठेवायचं सोडून दिलं आहे. ते काम आता शेजारच्या सीटकडे आलं आहे.

आणि त्या सीटवर आपण कुणाला बसवतो? ज्याचा मान मोठा त्याला. काकांना पुढे बसू दे, मामा पुढे बसतील, व्याह्यांना मागे कसं बसवायचं. मग काका सीट मागे करतात, लोणावळा यायच्या आत घोरू लागतात आणि खालापूरच्या टोलला जागे होऊन “आलं का पनवेल?” विचारतात. काकांचा यात दोष नाही, आपण त्यांना मानाच्या जागी बसवलं, ते मानाने बसले. पण शेजारी कुणी गाढ झोपलं की चालवणाऱ्याच्याही पापण्या जड होतात. घरातल्या ज्येष्ठांचा मान ठेवायचे शंभर मार्ग आहेत. मागच्या सीटवर मधे उशी घालून त्यांना ऐसपैस बसवा, पाय पसरता येतील. पुढे त्याने बसावं जो जागा राहील, नकाशा बघेल, पाण्याची बाटली झाकण उघडून हातात देईल आणि चालवणाऱ्याचा फोन वाजला तर तो उचलून “गाडी चालवतोय, अर्ध्या तासाने करतो” एवढं सांगेल. सोळा वर्षांची भाची हे काम उत्तम करत असेल तर तिला बसवावं. स्वतःला झोप आवरत नसेल तर तसं सांगून आधीच मागे बसावं, त्यात कमीपणा काही नाही.

नकाशा बघणं हेही शिकायचं काम आहे. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर, मागे ट्रक असताना, “अरे इथूनच, इथूनच होतं!” असं ओरडणारा प्रवासी मी पाहिला आहे. चालवणाऱ्याने बिचकून ब्रेक दाबला आणि मागच्या ट्रकने करकचून हॉर्न दिला. त्यापुढे काही झालं नाही, इतकंच. वळण चुकलं तर चुकू द्यावं. पुढे दोन किलोमीटरवर वळून येता येतं. सांगायचं असेल तर अर्धा किलोमीटर आधी, साध्या आवाजात, ‘पेट्रोलपंपानंतरचं डावीकडे’ असं खूण देऊन सांगावं, आणि एकानेच सांगावं. तिघं तीन दिशा सांगत असलेल्या गाडीत कुणीच नीट चालवू शकत नाही.

आता नको तिथे बोलण्याचं. यातला सगळ्यात मोठा वाटा बायकांना ऐकावा लागतो, आणि हे मला मोकळेपणाने म्हणायचं आहे. मी चालवत असले की घरातल्या, ऑफिसातल्या, ओळखीतल्या पुरुषांच्या तोंडून सूचना सुरू होतात. “गिअर बदल.” “जाऊ दे त्याला.” “आता टाक पुढे.” “ब्रेक, ब्रेक!” हीच मंडळी माझा नवरा चालवत असताना शांतपणे क्रिकेटवर बोलतात. बारा वर्षांत मी कुणाला ठोकलेलं नाही, पण शेजारून येणाऱ्या सूचनांनी मी तीनदा चुकीचा निर्णय घेतला आहे, कारण समोरच्या रस्त्याकडे जायला हवं होतं ते लक्ष शेजारी गेलं. नवी चालवणारी मुलगी असेल तर तिचा हात कायमचा कचरतो. कितीतरी घरांत बाईकडे लायसन्स आहे, गाडी आहे, आणि ती गाडी चालवत नाही. कारण विचारलं तर ती सांगते, “हे शेजारी बसले की मला जमत नाही.” तिला चालवणं जमतं. तिच्या शेजारच्याला बसणं जमत नाही.

मग बोलायचं कधी? माझ्यापुरती मी एक कसोटी लावते. चालवणाऱ्याला जे दिसतंय त्यावर बोलायचं नाही. त्याला जे दिसत नाही तेच सांगायचं. डाव्या बाजूने घुसलेला बाइकवाला, नीट न लागलेलं मागचं दार, सिग्नलला काच पुसायला आलेलं लहान मूल, आणि त्याची स्वतःची झोप. झोप ही ज्याला येते त्यालाच सगळ्यात शेवटी कळते. आणि त्याला कळली तरी पुरुषमाणूस ती कबूल करत नाही, ‘बरा आहे मी’ म्हणतो. म्हणून मावशीची युक्ती मला इतकी मोलाची वाटते. तिने त्याचं चुकतंय असं एकदाही म्हटलं नाही. थांबण्याचं कारण स्वतःच्या गुडघ्यांवर घेतलं आणि त्याला मान खाली न घालता थांबता आलं. मात्र समृद्धीवर हे वेळेवर बोलावं लागतं. तिथे मनात येईल तिथे कडेला गाडी लावता येत नाही, लावूही नये, उभ्या गाडीला मागून धडक बसल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पंप किती लांब आहे हे आधी बघायचं आणि दोन पंप आधीच पाय आखडायला लागायचे.

दारूच्या बाबतीत युक्तीसुद्धा नको. पार्टीहून निघताना यजमानाचा मित्र “सोडतो ना मी” म्हणत किल्ली फिरवत येतो आणि वास येत असतो, तेव्हा सरळ नाही म्हणावं आणि त्यालाही बसू देऊ नये. रिक्षाचे तीनशे रुपये जातील. दुसऱ्या दिवशी तो दुखावलेला असेल. असू दे.

बेल्टवर जरा थांबते, कारण इथे आपली भीड सगळ्यात महाग पडते. मागे बसलेलं माणूस बेल्ट शोधायला लागलं की गाडीवाला स्वतःच म्हणतो, “राहू दे हो, मागे लागत नाही.” पुष्कळ गाड्यांत नव्या सीट कव्हरखाली मागची बक्कलं गाडून टाकलेली असतात. आणि आपण ‘बरं’ म्हणून बसतो, उगाच त्यांच्या सीटची ओढाताण कशाला. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागातली होती, एअरबॅग होत्या. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले, मागचे दोघे गेले आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्या बेल्टबद्दल पोलिसांनी कडक धोरण घेतलं. चार आठवडे सगळे बेल्ट लावत होते. आता परत ‘मागे लागत नाही’.

लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब मध्ये स्पष्ट आहे की बेल्ट न लावलेले प्रवासी घेऊन जो गाडी चालवतो त्याला हजार रुपये दंड. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांची खास सीट नसेल तरी तेवढाच. म्हणजे चूक मागच्याची आणि पावती चालवणाऱ्याच्या नावाची. हजार रुपयांचंही सोडा. गाडी ताशी ऐंशीने जात असताना एकदम थांबली की आत बेल्टशिवाय बसलेला माणूस ताशी ऐंशीनेच पुढे जात राहतो, आणि त्याच्या पुढे काय असतं? पुढच्या सीटवरच्या माणसाची पाठ आणि मान. सत्तर किलोचा पाहुणा आपल्या यजमानाला मागून चिरडू शकतो. मागचा बेल्ट हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे. मांडीवर घेतलेल्या बाळाचंही तेच. त्या धक्क्यात कुठल्याही आईच्या हातात बाळ राहत नाही, माया कितीही असली तरी. आणि पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर पाय टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, ती पायांसाठी थांबत नाही.

म्हणून मी आता दुसऱ्याच्या गाडीत मागे बसले की विचारते, “बक्कल कव्हरखाली आहे का? काढू ना मी?” आणि उत्तराची वाट न बघता काढते. आजवर कुणी रागावलेलं नाही. दोघांनी तर पुढच्या वेळी मागची सगळी बक्कलं वर काढून ठेवलेली होती.

सहाव्या माणसाचाही प्रश्न इथलाच. गणपतीला कोकणात निघालेल्या पाच सीटच्या गाडीत सहावा, सातवा माणूस बसतो, “सरकून बसा रे” म्हणत. गाडीवाला नाही म्हणू शकत नाही, तो नात्याने बांधलेला असतो. नाही म्हणायचं ते सहाव्याने स्वतः म्हणावं. गणपतीला एसटीच्या जादा गाड्या सुटतात. मी दोनदा तशी गेले आहे, बारा तास लागले, पण कुणाच्या मानगुटीवर बसून गेले नाही.

पैशांबद्दल आपल्याकडे बोलायची पद्धत नाही, तरी बोलते. पूर्वी टोलनाक्यावर गाडी थांबायची, सुटे पैसे शोधायला सगळे खिसे चाचपायचे आणि मागून कुणाचा तरी हात नोट घेऊन पुढे यायचा. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, हळूहळू सगळीकडे आला आणि तो हात नाहीसा झाला. दांडा वर जातो, गाडी पुढे जाते, पैसे गेल्याचा मेसेज फक्त गाडीवाल्याच्या फोनवर येतो. द्रुतगती मार्गावर कारला एप्रिल २०२३ पासून एका खेपेचे ३२० रुपये आहेत. जाऊन-येऊन ६४०. पेट्रोल शंभराच्या वर, पुणे-मुंबई दोन्ही वेळचं वीसेक लिटर लागतं. म्हणजे पावणेतीन हजारांच्या आसपास, आणि गाडीत बसलेल्यांना वाटतं आपण ‘फुकट’ आलो, त्याचं तर काही गेलं नाही, तो तसाही येणारच होता.

तो येणारच होता हे खरं. पण तो तुमच्यासाठी पाऊण तास लवकर निघाला, तुमच्या गल्लीत रिव्हर्स घेत शिरला. “आपल्यात कसले पैसे” हे यजमानाचं वाक्य आहे. ते त्यानेच म्हणावं, पाहुण्याने गृहीत धरू नये. घरी पोचल्यावर हातात नोटा कोंबायचा कार्यक्रमही नको, दोघांनाही अवघड होतं. पंपावर गाडी थांबली की आपण उतरावं, पोऱ्याला आकडा सांगावा आणि गाडीवाला काच खाली करेपर्यंत क्यूआर स्कॅन झालेला असावा. आमच्या ऑफिसातला एक जण हे इतक्या सहज करतो की त्याला घेऊन जायला सगळे तयार असतात.

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत, पण गाडीवाल्याच्या मनात त्याच राहतात. दार आपटू नये, छोट्या गाडीचं दार बोटाने लागतं. रस्त्याच्या बाजूचं उजवं दार डाव्या हाताने उघडावं, म्हणजे अंग आपोआप मागे वळतं आणि येणारा सायकलवाला दिसतो. रील्स इअरफोन कानात घालून बघावेत. गाणी ज्याची गाडी त्याची. कोथरूडहून निघालेल्याला हडपसरला घ्यायला बोलावू नये, आपण त्याच्या वाटेवर येऊन उभं राहावं, आणि ‘खाली उतरतेच आहे’ हे खाली उतरल्यावर म्हणावं. गाडी लागत असेल तर घाटाआधी सांगावं, खंबाटकी चढताना नाही. गाडी लागणं हा गुन्हा नाही. लपवून शेवटी दुसऱ्याच्या सीटवर उलटी होणं हे दोघांनाही फार वाईट जातं. पुढे बसायला मागावं, मोबाइल बंद ठेवावा, आलेपाक आणि दोन पिशव्या जवळ ठेवाव्यात.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की एवढे नियम लावलेस तर प्रवासातली मजा काय राहिली, पाहुण्याला कुणी कामं सांगतं का. पाहुणा घरात येतो तेव्हा यजमान चहा ठेवतो आणि चहा उतू गेला तर फार तर गॅस पुसावा लागतो. गाडीत यजमानाच्या हातात पाच माणसांचे जीव असतात आणि तो सहा-सहा तास उठू शकत नाही. पाहुणचाराचे घरातले संकेत तिथे लागू पडत नाहीत. मजेचं म्हणाल तर त्या तेवीस किलोमीटरांत केटररच्या बिलावरून आम्ही चौघं जेवढं हसलो तेवढं लग्नातही हसलो नव्हतो.

त्या दिवशी संभाजीनगरला भावाने पुन्हा स्टिअरिंग घेतलं. नगर रस्त्यावर वाघोलीला नेहमीची कोंडी लागली आणि त्याने आम्हाला दारात सोडलं तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. सामान उतरवलं. मावशी आमच्याकडेच दोन दिवस राहणार होती, म्हणजे पुढे चिंचवडपर्यंत तो एकटाच जाणार होता. गाडीत आता कुणीच बोलणारं नव्हतं. मुलीला मी झोपायला पाठवलं. मावशी हात-पाय धुऊन बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसली, गादी घातलेली असूनही. पाऊण तासाने मी त्याला फोन लावायला घेतला तर तिने अडवलं. “चालवत असेल, वाजवू नकोस. तोच करेल.” बारा वाजून दहा मिनिटांनी तिच्या जुन्या फोनवर मेसेज आला, ‘पोचलो’. तिने तो चष्मा लावून वाचला, फोन चार्जिंगला लावला आणि मग दिवा मालवायला सांगितला.